आठवड्याच्या बोलीवर: १९३८च्या 'रॉबिन हूड'च्या संगीताचं प्रकरण

तलवारबाजीच्या चित्रपटांच्या संगीताचा विषय निघाला की वॉर्नर ब्रदर्सच्या 'द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड'चं नाव येतंच. ते संगीत लिहिणाऱ्या एरिक वोल्फगांग कॉर्नगोल्डनं मात्र चित्रपट पाहून आधी चक्क लेखी नकार दिला होता. त्या नकारापासून रेकॉर्डिंगपर्यंतच्या दोनेक महिन्यांत कोणी काय ठरवलं, कशाच्या जोरावर ठरवलं आणि कुठे वेगळं वागता आलं असतं, हे या प्रकरणात पाहायचं आहे. चित्रपट हातावेगळा व्हायच्या वेळी ज्यांच्या गळ्यात काम पडतं, म्हणजे संगीत, संकलन, ध्वनी वगैरे, त्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

पार्श्वभूमी

कॉर्नगोल्डचा जन्म १८९७चा, आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ब्रनो शहरातला. वडील ज्युलियस हे व्हिएन्नातले दबदबा असलेले संगीत समीक्षक. पोरगं विलक्षण निघालं. अकराव्या वर्षी रचलेला त्याचा बॅले १९१० साली व्हिएन्नाच्या दरबारी ऑपेरात झाला, आणि तेविसाव्या वर्षी 'डी टोटे श्टाट' हा त्याचा ऑपेरा हॅम्बर्ग आणि कोलोन इथे एकाच दिवशी रंगमंचावर आला. चित्रपटात आला तो धडपडणारा होतकरू नव्हता. गमावण्यासारखं बरंच काही असलेला, नाव झालेला संगीतकार होता.

१९३४ साली दिग्दर्शक माक्स राइनहार्टनं त्याला 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'च्या चित्रपटासाठी हॉलिवूडला बोलावलं. मेंडेल्सोनचं संगीत पडद्यासाठी बसवून देण्याचं ते काम होतं. त्यानंतर १९३५ साली 'कॅप्टन ब्लड' आला. इथे जे घडलं ते पुढच्या प्रकरणासाठी लक्षात ठेवायला हवं. हातात जेमतेम तीन आठवडे होते. वेळ पुरेना, तेव्हा काही ठिकाणी त्यानं फ्रान्झ लिस्ट या जुन्या संगीतकाराच्या रचनांचे तुकडे वापरले आणि म्हणून श्रेयनामावलीत आपलं नाव 'संगीत संयोजन' एवढ्यापुरतंच घालायला लावलं. बाकीचं जवळजवळ सगळं त्याचं स्वतःचं होतं. दुसऱ्या कोणी हा मुद्दा गिळून टाकला असता.

पुढे 'अँथनी अ‍ॅडव्हर्स'ला ऑस्कर मिळालं. पण त्या वेळच्या नियमाप्रमाणे ते स्टुडिओच्या संगीत विभागाच्या प्रमुखाला, लिओ फोर्बस्टाइनला दिलं गेलं. तरीही वॉर्नरनं कॉर्नगोल्डशी केलेला करार त्या काळी इतर कोणाला मिळत नसे असा होता. वर्षाला मोजकेच चित्रपट, आणि चित्रपटासाठी लिहिलेलं संगीत पुढे स्वतःच्या मैफलीच्या रचनांत वापरण्याची मुभा. इतर संगीतकार स्टुडिओचे पगारी नोकर होते आणि त्यांनी लिहिलेलं सगळं स्टुडिओचं होत असे.

१९३८च्या सुरुवातीला तो व्हिएन्नात होता. 'डी काथरीन' या नव्या ऑपेराची तयारी चालू होती. तो प्रयोग लांबणीवर पडला आणि त्याच सुमाराला हॉलिवूडहून तार आली: 'रॉबिन हूड'साठी ताबडतोब या. जानेवारीच्या अखेरीस तो बायको आणि धाकट्या मुलाला घेऊन निघाला. थोरला मुलगा आणि आईवडील व्हिएन्नातच राहिले.

अडचण

इकडे स्टुडिओची मान अडकली होती. शूटिंग जानेवारीच्या मध्याला संपलं होतं. विल्यम कीली या दिग्दर्शकाला मध्येच बाजूला करून मायकेल कर्टिझला आणलं होतं. तीन पट्ट्यांचं टेक्निकलर (म्हणजे रंगीत चित्रीकरण), शेकडो माणसं, सेट, घोडे असं करत खर्च वीस लाख डॉलरच्या आसपास गेला होता. वॉर्नरनं तोवर एका चित्रपटावर एवढा पैसा कधी लावला नव्हता. मे महिन्यात चित्रपट लावायचा होता. १०२ मिनिटांच्या चित्रपटात तासाभराहून जास्त संगीत हवं होतं आणि ते लिहून, वाद्यवृंदासाठी मांडून, रेकॉर्ड करून द्यायला सातआठ आठवडे होते.

कॉर्नगोल्डनं चित्रपट पाहिला आणि ११ फेब्रुवारीला निर्मितीप्रमुख हॅल वॉलिसला पत्र लिहिलं. पत्राचा आशय असा: हा चित्रपट माझा नव्हे. याच्याशी माझं नातं जुळत नाही, म्हणून यासाठी माझ्याकडून संगीत होणार नाही. मी भावनांचा, मनाच्या उलाढालींचा संगीतकार. नव्वद टक्के हाणामारी असलेल्या चित्रपटाची चित्रं सुरांनी रंगवून देणं मला जमायचं नाही. निश्चय पक्का आहे, मन वळवायला येऊ नका.

पत्र नीट वाचलं तर त्यात रुसवा नाही. कामाचं निदान आहे, आणि ते खोटं नाही. हाणामारीच्या दृश्याला संगीत देताना दर दोन सेकंदांना पडद्यावर काहीतरी घडत असतं: बाण सुटतो, कोणी झाडावरून उडी मारतो, तलवार खणकते. प्रत्येक हालचालीमागे धावत सुटलं की चाल उभीच राहत नाही. सुरांची नुसती धांदल होते. ऑपेरात वाढलेल्या माणसाला चालीला श्वास घ्यायला जागा लागते. ती या चित्रपटात कुठे मिळणार, हा त्याचा प्रश्न होता. शिवाय 'कॅप्टन ब्लड'च्या तीन आठवड्यांचा अनुभव गाठीशी होताच.

समोरचे पर्याय

स्टुडिओपुढे पहिला पर्याय म्हणजे दुसरा माणूस. मॅक्स स्टायनर वॉर्नरकडे होताच. 'किंग काँग'चं संगीत देणारा, कामाचा प्रचंड उरक असलेला, हालचालीला सूर चिकटवण्यात तरबेज. वेळापत्रकाच्या दृष्टीनं तोच बिनधोक. दुसरा पर्याय, विभागातल्या चारपाच जणांत रिळं वाटून देणं. ही रीत त्या काळी सर्रास होती. चित्रपट वेळेवर लागला असता, पण संगीताला एकसंध चेहरा राहिला नसता. तिसरा पर्याय, कॉर्नगोल्डच्या मागे लागणं.

कॉर्नगोल्डपुढेही तीन वाटा होत्या. नकारावर ठाम राहून व्हिएन्नाला परतायचं आणि ऑपेराची वाट पाहायची. हॉलिवूडमध्येच थांबून दुसरं काम पाहायचं. किंवा पत्र मागे घ्यायचं. शेवटची वाट त्याला सर्वांत जाचणारी असणार, कारण मन वळवायला येऊ नका असं त्यानं स्वतःच लिहून दिलं होतं.

निर्णय

१२ फेब्रुवारीला, पत्राच्या दुसऱ्याच दिवशी, ऑस्ट्रियाचा चॅन्सेलर शुशनिग बेर्खटेसगाडेनला हिटलरला भेटला. बातमी हॉलिवूडमधल्या ऑस्ट्रियन मंडळींपर्यंत तासांत पोचली. कॉर्नगोल्ड ज्यू होता. १९३३पासून जर्मनीत त्याच्या संगीतावर बंदी होती. व्हिएन्नात पुढे काय होणार याचा अंदाज करायला त्याला राजकारणातला जाणकार असण्याची गरज नव्हती. त्याच सुमाराला फोर्बस्टाइन त्याच्या घरी येऊन विनवण्या करत होता.

शेवटी जे ठरलं ते असं: या चित्रपटासाठी करारपत्र नाही. काम आठवड्याच्या बोलीवर. जमत नाही असं वाटलं तर कोणत्याही आठवड्याअखेर कॉर्नगोल्ड थांबेल, झालेलं संगीत स्टुडिओकडे राहील आणि पुढचं दुसरं कोणी करेल.

या प्रकरणातला कळीचा निर्णय हाच, असं मला वाटतं. साधारणपणे ही गोष्ट सांगताना सगळा भार बेर्खटेसगाडेनच्या बातमीवर टाकतात: बातमी आली, माणूस घाबरला, हो म्हणाला. पण बातमीनं फक्त हो म्हणायला कारण दिलं. हो म्हणता येईल अशी जागा दिली ती आठवड्याच्या बोलीनं. 'मला जमणार नाही' म्हणणाऱ्या माणसाला 'जमेल हो' असं सांगून उपयोग नसतो. तो तुमच्यापेक्षा स्वतःला जास्त ओळखत असतो. फोर्बस्टाइननं तो वाद घातलाच नाही. नाही जमलं तर अडकून पडणार नाहीस, एवढीच हमी दिली. आत्मसन्मान राखून पत्र मागे घेण्याची सोयही त्यात आपोआप झाली.

स्टुडिओसाठी मात्र हा जुगार होता. चौथ्या आठवड्यात त्यानं हात टेकले असते तर अर्धं संगीत एकाच्या बाजाचं, अर्धं दुसऱ्याच्या, आणि काम पुरं करायची मुदत महिन्यावर. तरी वॉलिस आणि फोर्बस्टाइन तयार झाले. हा माणूस हात घातलेलं काम अर्ध्यावर टाकणार नाही, असा त्यांचा होरा असावा. ज्यानं दोनचार तुकड्यांसाठी स्वतःचं श्रेय कमी करून घेतलं, त्याच्याबद्दल असा होरा बांधणं अगदीच अंधारातली उडी नव्हती.

काम कसं झालं

कॉर्नगोल्ड रात्री स्टुडिओच्या प्रोजेक्शन रूममध्ये पियानोशी बसे. ऑपरेटर रीळ चालवी आणि तो पडद्याकडे बघत वाजवत जाई. पुन्हा रीळ, पुन्हा वाजवणं. स्टॉपवॉच आणि सेकंदांच्या याद्यांपेक्षा त्याची भिस्त नजरेवर. चित्रपटाला तो ऑपेराच्या संहितेसारखं वागवी: संवाद म्हणजे गाणाऱ्याची ओळ, वाद्यवृंद तिच्या खालून चालणारा. नटाचा आवाज कोणत्या पट्टीत आहे हे पाहून तो आपले सूर त्याच्या आड येणार नाहीत असे ठेवी. पियानोवर ठरलेलं सविस्तर मांडून झालं की ह्यूगो फ्रीडहोफर आणि मिलान रोडर हे दोघे ते वाद्यवृंदासाठी लिहून काढत, आणि रेकॉर्डिंगला बॅटन कॉर्नगोल्डच्याच हातात.

नव्वद टक्के हाणामारीचं त्यानं काय केलं, हे पाहायला एक दृश्य पुरे. ओढ्यावर आडवं टाकलेलं एक ओंडकं. एका टोकाला रॉबिन, दुसऱ्या टोकाला धिप्पाड लिटल जॉन, दोघांच्या हातात सोटे, वाट कोणी सोडायची यावरून जुंपलेली. काठावर रॉबिनचा साथीदार विल स्कार्लेट ल्यूट हे तंतुवाद्य छेडत मजा बघत बसलेला. इथे वाद्यवृंद प्रत्येक टोल्यावर धाडकन आदळत नाही. तो खट्याळ, नाचऱ्या चालीत राहतो, कारण या मारामारीत वैर नाही, दोन मित्रांची ती पहिली ओळख आहे. टोले पडतात ते चालीच्या ओघात. म्हणजे त्यानं हाणामारीला संगीत दिलंच नाही, हाणामारी करणाऱ्यांच्या मनःस्थितीला दिलं. पत्रात ज्या कारणासाठी नकार दिला होता, तेच कारण कामाचं सूत्र बनलं. नॉटिंगहॅमच्या किल्ल्यात वेलीवरून चढून रॉबिन मॅरियनच्या खिडकीशी येतो त्या प्रसंगात त्याला हवी ती ऐसपैस जागा मिळाली. तिथली तंतुवाद्यं सरळ व्हिएन्नाच्या ऑपेरातली आहेत.

दुसरी युक्ती वेळ वाचवण्याची. या खेपेला लिस्टकडे जायची गरज पडली नाही, त्यानं स्वतःचंच जुनं कपाट उघडलं. १९१९ साली त्यानं 'सुर्सुम कॉर्डा' नावाची वाद्यवृंदाची मोठी रचना केली होती. व्हिएन्नात ती पडली. तिच्यातला उसळता मजकूर इथे रॉबिनच्या वाट्याला आला. संगीतकार लिओ फॉलच्या मृत्यूनंतर त्याच्या संगीतावरून १९२९ साली 'रोझेन आउस फ्लोरिडा' हा ऑपेरेटा, म्हणजे हलकाफुलका ऑपेरा, कॉर्नगोल्डनं उभा केला होता, त्यातली चाल रॉबिनच्या टोळीच्या संगीतात शिरली. आपल्याकडे जुन्या संगीत नाटकाच्या छापील पुस्तकात पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून मूळ गाण्याचा मुखडा उघडपणे दिलेला असतो, त्यामुळे मराठी वाचकाला यात वावगं वाटू नये. जुनी चाल नव्या प्रसंगात बसवायची तर प्रसंग तिला पेलणारा लागतो. 'सुर्सुम कॉर्डा' मैफलीत भपकेबाज वाटली असेल, पण टेक्निकलरमधल्या शेरवुड जंगलात तो भपका शोभून दिसतो. वॉर्नरशी आधी झालेल्या करारात संगीताच्या पुनर्वापराची मुभा होती आणि ती दोन्ही दिशांनी उपयोगी पडत होती.

या सगळ्याच्या मधोमध १२ मार्चला जर्मन सैन्य ऑस्ट्रियात शिरलं. व्हिएन्नातलं कॉर्नगोल्डचं घर नाझींनी बळकावलं. थोरला मुलगा आणि आईवडील वेळेत बाहेर पडू शकले आणि अमेरिकेत पोचले. बाकी आयुष्य तिकडेच राहिलं. त्या आठवड्यांत लिहिलेलं संगीत हॉलिवूडमधल्या सर्वांत आनंदी संगीतांपैकी आहे, आणि त्यात व्हिएन्नाची चिंता कुठेही ऐकू येत नाही. मी मुद्दाम शोधून पाहिली.

आठवड्यामागून आठवडे गेले. काम थांबलं नाही.

परिणाम

मे १९३८मध्ये चित्रपट वेळेवर लागला. प्रदर्शनाच्या सुमारास वॉर्नरच्या लॉस एंजेलिसमधल्या रेडिओ केंद्रावरून यातलं संगीत प्रसारित झालं. निवेदन चित्रपटातल्या खलनायकाचं, म्हणजे बेझिल रॅथबोनचं, आणि वाद्यवृंदापुढे स्वतः कॉर्नगोल्ड. चित्रपटाचं संगीत जाहिरातीचं हत्यार म्हणून वापरायची कल्पना तेव्हा नवी होती. फेब्रुवारी १९३९च्या ऑस्करमध्ये चित्रपटाला कला दिग्दर्शन, संकलन आणि मूळ संगीत असे तीन पुरस्कार मिळाले. या वेळी नियम बदलले होते. बाहुली कॉर्नगोल्डच्या हातात आली.

'रॉबिन हूड'नं माझा जीव वाचवला, अशी पुढे त्याची भावना राहिली. 'डी काथरीन' व्हिएन्नात झालाच नाही. तो १९३९च्या ऑक्टोबरमध्ये स्टॉकहोमला झाला.

किंमतही मोजावी लागली. हिटलर जाईपर्यंत मैफलीसाठी काही लिहायचं नाही, असं त्यानं ठरवलं आणि ते जवळजवळ पाळलं. म्हणजे चाळिशीतली उमेदीची वर्षं चित्रपटांत गेली. युद्धानंतर व्हायोलिन कन्चेर्टो, म्हणजे व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठीची मैफलीची रचना, आला. १९४७ साली व्हायोलिनवादक यशा हायफेट्झनं सेंट लुईसमध्ये तो पहिल्यांदा वाजवला. त्यातल्या चाली बऱ्याचशा चित्रपटांतल्याच होत्या, आणि समीक्षकांनी त्यावरूनच नाक मुरडलं. १९४९ साली तो व्हिएन्नाला गेला, तर तिथे त्याचा जमाना सरला होता. १९५७ साली तो हॉलिवूडमध्येच वारला. लोकांचे कान पुन्हा इकडे वळले ते १९७२ साली, वाद्यवृंद संचालक चार्ल्स गेरहार्टनं त्याच्या चित्रपट संगीताची तबकडी काढली तेव्हा. ती काढण्यामागे कॉर्नगोल्डचा धाकटा मुलगा जॉर्ज होता, तोच, जो जानेवारी १९३८मध्ये आईवडिलांबरोबर बोटीत बसला होता.

वेगळं काय करता आलं असतं

सगळं निभावलं म्हणून निर्णय बरोबर, असा हिशोब इथे सहज होतो. तो टाळायला हवा. जीव वाचला ही गोष्ट ११ फेब्रुवारीच्या टेबलावर नव्हती. त्या दिवशी टेबलावर होतं ते काम, वेळ आणि स्वतःची कुवत, आणि तेवढ्यावर पाहिलं तर नकाराचं पत्र प्रामाणिक आणि समंजस होतं.

स्टुडिओची चूक सरळ दिसते. एवढ्या खर्चाच्या, तासाभर संगीत लागणार हे उघड असलेल्या चित्रपटाला संगीतकार शूटिंग संपल्यावर शोधला. सप्टेंबर १९३७मध्ये शूटिंग सुरू झालं तेव्हाच पटकथा व्हिएन्नाला गेली असती, तर आवडनिवड तिथेच कळली असती आणि महासागर ओलांडून आलेल्या माणसाच्या विनवण्या कराव्या लागल्या नसत्या. ही सवय हॉलिवूडची एकट्याची नाही. मुंबईतही पार्श्वसंगीताला उरलेलेच दिवस मिळतात.

आठवड्याच्या बोलीबद्दल माझं मत चांगलं आहे, पण ती सगळीकडे चालत नाही. इथे चालली कारण ज्याच्या हाती सुटण्याचा दोर होता त्यालाच कामाची लाज जास्त होती. तीच बोली उलट बाजूनं, म्हणजे कोणत्याही शुक्रवारी आम्ही तुला काढू शकतो अशी असती, तर एक सूरही धड लागला नसता. आज अशी बोली करायची झाली तर थांबायचं ठरलं तर कच्चं काम कोणत्या स्वरूपात हवाली करायचं, कोणती दृश्यं आधी उरकायची, हे लिहून घेतलेलं बरं. आधी प्रेमप्रसंग आणि मुख्य चाली, हाणामारी शेवटी, असा क्रम ठेवला तर दुसऱ्या माणसाला निदान धागा तरी मिळतो.

कॉर्नगोल्डच्या बाजूनं पाहिलं तर जानेवारीत अख्खं कुटुंब बरोबर आणायला हवं होतं, असं आज कोणीही म्हणेल. तेव्हा मात्र तो एका चित्रपटापुरता निघाला होता आणि परतायचं धरून चालला होता. इथे त्याला दोष द्यायला माझं मन धजत नाही.

पत्रातल्या निदानाबद्दल एक शंका उरते. आपण हाणामारीचे संगीतकार नाही, असं त्यानं ठामपणे लिहिलं होतं. दोन वर्षांनी, १९४० साली, त्याच वॉर्नरनं रॉबिन झालेल्या त्याच एरल फ्लिनला आणि त्याच कर्टिझला घेऊन 'द सी हॉक' काढला. जहाजं, तोफा, तलवारी, कदाचित नव्वद टक्क्यांहून जास्तच. संगीत कॉर्नगोल्डचं होतं.